जिवंत परवाना

बंधशाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीवर राज्यातले सगळे शस्त्रविक्रेते धडधडत असत.

एकेका विक्रेत्यामागे एक हिरवा ठिपका होता आणि तो त्या माणसाच्या हृदयाच्या ठोक्याबरोबर लहानमोठा होई. पाहणीला येणारे मंत्री या नाडीभिंतीसमोर उभे राहून हौसेने फोटो काढून घेत. बंधशाळेचे प्रमुख डॉ. अच्युत हुपरीकर रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहत, ते मात्र निराळ्या कारणासाठी. इतकी धडधाकट हृदये एका जागी पाहिली की त्यांना हाव सुटे. 'हाव' हाच खरा शब्द होता. दुसरा, जरा सभ्य शब्द त्यांनी शोधून पाहिला होता.

त्यांची पत्नी शरयू शहरातल्या हृदयरुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर होती. तिचे हृदय दोन वर्षांपासून जुन्या पिशवीसारखे सैल पडत चालले होते. छातीत बसवलेला पंप रक्त पुढे ढकलत होता खरा, पण आता तोही कुरकुरू लागला होता. दुसऱ्याचे हृदय मिळाले तर ती जगणार होती, एरवी नाही. त्यातून रक्तगट बी निगेटिव्ह. "रेशनच्या रांगेतसुद्धा इतकी उभी नव्हते हो मी," असे ती म्हणे, आणि दम लागला की हसणे अर्ध्यावर सोडून देई. काल तिने तेवढेही म्हटले नव्हते.

त्या दिवशी उजाडता उजाडता जिल्हाधिकारी संयोगिता नलवडे बंधशाळेत आल्या. शिवधार जिल्हा नवा होता, त्या जुन्या मुरलेल्या होत्या. चपलांना लाल माती होती. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत.

"तांबोळे खोऱ्यातल्या बंदुका बंद करा, डॉक्टर."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. वरवाडी आणि तळवाडी, दोन्ही गावं कारखान्याच्या निवडणुकीवरून चार दिवस एकमेकांवर गोळ्या झाडतायत. खोऱ्यात जायला घाटाचा एकच रस्ता. माझी गाडी वळणावर आली की दोन्हीकडून स्वागत. माझा एक फौजदार परवापासून त्या वळणावर पडलाय, त्याला उचलून आणता येत नाही मला. आणि दोन्ही गावांच्या झाडून साऱ्या बंदुका एकाच दुकानातल्या, मगदूमांच्या. हे तुमच्याच खात्याचं कौतुक ना? बंदूक कुणाच्याही हातात गेली तरी विक्रेत्याला बांधलेली राहते म्हणून? मग दाबा काय ते बटण."

अच्युतरावांनी चष्मा पुसला. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

"बटण नाही, मॅडम."

"नाही कसं?"

"मुद्दामच ठेवलेलं नाही. पूर्वी काय व्हायचं, विक्रेता मरून दहा वर्षं झाली तरी त्याच्या परवान्यावर दुकान चालू. एकानं घेतलेली बंदूक तो दुसऱ्याला विकायचा, दुसरा तिसऱ्याला. खून झाला की मूळ विक्रेता स्वर्गात. म्हणून आम्ही परवाना कागदावरून काढला आणि विक्रेत्याच्या हृदयात ठेवला. प्रत्येक हृदयाच्या विद्युतलहरीची घडण वेगळी असते. ठोके वाढतील, कमी होतील, घडण बदलत नाही. तिला आम्ही हृदयमुद्रा म्हणतो. ती वाचणारा एक टिकलीएवढा मुद्रावाचक हृदयाच्या भिंतीतच रुजवलेला असतो. तो ती मुद्रा सतत प्रसारित करतो आणि बंदुकीतली बंधकळ ती ऐकते. मुद्रा ऐकू येते तोवर बंधकळीवरचा दिवा हिरवा, बंदूक जिवंत. विक्रेता मेला की त्याची सगळी विक्री मुकी होते. मग ज्याला बंदूक हवी त्यानं नव्या विक्रेत्याकडं जायचं, नव्यानं चौकशी करून घ्यायची."

"हे मला परीक्षेला होतं. बंद करण्याचं बोला."

"बंद करण्याची कळ कुणाच्या हाती द्यायची, यावर समितीत दोन वर्षं भांडणं झाली. सरकारच्या हाती दिली तर आधी विरोधकांच्या बंदुका बंद पडतील. विक्रेत्याच्या हाती दिली तर त्याच्या नातवाला उचलून नेतील आणि कळ फिरवून घेतील. शेवटी एक आमदार म्हणाले, 'कळ देवाच्याच हाती राहू द्या.' सगळे हसले. मीही हसलो. आणि तेच कलम झालं."

"म्हणजे मगदूम मेल्याशिवाय बंदुका थांबत नाहीत."

"तसंच म्हणावं लागेल."

नलवडे नाडीभिंतीकडे वळल्या. "यातला त्यांचा ठिपका कुठला?"

अच्युतरावांनी न शोधता बोट ठेवले.

"वय काय त्यांचं?"

"एकसष्ट," अच्युतराव चटकन म्हणाले. विक्रेत्यांविषयी विचारले की त्यांना उत्तर तयार असे आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. "प्रकृती उत्तम. मिनिटाला बासष्ट ठोके. दिवस मावळल्यावर अन्न घेत नाहीत, व्यसन नाही, चालणं भरपूर."

"सोसेल मग."

"काय सोसेल?"

"ते तुम्ही सांगायचं. हृदय थांबलं पाहिजे आणि माणूस मरता कामा नये. असं काही तुमच्या शास्त्रात बसतं का? मी कलेक्टर आहे, खाटीक नाही."

 अच्युतराव नाइलाजाने, पण हुशार विद्यार्थ्याच्या उत्साहाने बोलू लागले. छातीची शस्त्रक्रिया करताना हृदय थंड करून थांबवतातच. तेवढा वेळ रक्तयंत्र शरीराला रक्त पुरवते. हृदय थांबले की मुद्रा थांबणार. खोऱ्यात डोंगरांच्या आड लहरी अडकतात, क्षणाक्षणाला तुटतात, म्हणून बंधकळ लगेच झोपत नाही, पाव तास वाट पाहते. त्यानंतर ती झोपेल.

"आणि हृदय पुन्हा सुरू केलं की?"

"जागी होईल. लहर परत आली की बंदूक परत आली पाहिजे, नाहीतर लोक कोर्टात गेले असते. त्यामुळं तेवढ्या वेळात तुम्हाला सगळ्या बंदुका गोळा कराव्या लागतील."

"किती वेळ मिळेल?"

"सहा तास. तेसुद्धा सर्जन हो म्हणाल्या तर."

"पुरेत," नलवडे म्हणाल्या आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसल्या.

आण्णा मगदूमांना तासाभरात घेऊन आले. पांढराशुभ्र सदरा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. शिवधारमधल्या तीन पिढ्यांच्या दुकानाचे मालक, पण पाहणाऱ्याला हे गृहस्थ धान्याचे व्यापारी वाटावेत. त्यांनी पिशवीतून गाळलेल्या पाण्याची बाटली काढून घोटभर पाणी घेतले आणि सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे मला मरायचं हाय," ते म्हणाले.

"नाही आण्णा, फक्त हृदय थांबवायचं आहे," अच्युतराव म्हणाले.

"आमच्या गावात त्यालाच मरणं म्हणत्यात, साहेब." ते स्वतःच हसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "मुंगी मारली न्हाई हो मी आजवर. पाणी गाळून पितो. आणि बघा आता. वरवाडीच्या भाऊ शेळक्याला तीनदा माघारी धाडला होता मी. 'आण्णा, रानडुकरांनी ऊस ठेवला न्हाई,' म्हणून चौथ्यांदा आला. जाऊन बघून आलो. डुकरं होतीच की! खोटं कुठं बोलला? तुमच्या कायद्यात जेवढी चौकशी सांगितली हाय, त्याच्या दुप्पट करून दिली त्याला. आता माणसाच्या मनातलं डुक्कर कुठल्या चौकशीत दिसायचं?"

"कुणी तुम्हाला दोष देत नाही," नलवडे म्हणाल्या.

"देत न्हाई कसं? फौजदाराची बायको देती. परवा दुकानासमोर येऊन बसली हुती. बोलली काय न्हाई. नुसती बसली." ते थोडा वेळ टोपीची घडी नीट करीत राहिले. "किती वेळाचं काम?"

"सहा तास."

"हात्तिच्या! पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढतो मी. सहा तास जीव उपाशी राहिला तर काय बिघडतंय? पण परत चालू करणार न्हवं?"

"करणार," अच्युतराव म्हणाले.

"शब्द?"

"शब्द देतो."

"मॅडम, तुम्ही?"

"डॉक्टरांनी दिला ना," नलवडे फोनकडे पाहत म्हणाल्या.

"तसं मी समदं लिहून दिल्यालं हाय. डोळं, काळीज, किडनी, ज्याला जे लागंल ते. अभयदानापरीस मोठं दान न्हाई म्हणत्यात आमच्यात. पण ते मेल्यावर बरं का! आधी न्हाई." आपल्याच विनोदावर ते खूष झाले. "आणि सूनबाईला फोन करा कुणीतरी. ह्यातलं काय सांगू नका, भित्री हाय. जेवायला येतो म्हणावं. दिवस मावळायच्या आत."

विक्रेत्यांच्या हृदयाची इत्थंभूत माहिती बंधशाळेत असे. आण्णा मगदूमांचा रक्तगट अच्युतरावांना पाठ होता. तो कधी पाठ झाला आणि कशासाठी, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते. आताही विचारले नाही.

हृदयरुग्णालयाच्या डॉ. शिरीन बागवान यांनी आधी साफ नकार दिला. निरोगी माणसाची छाती उघडायला मी वेडी आहे का, असे त्या म्हणाल्या. मग नलवडे त्यांच्याशी दार लावून बोलल्या. दार उघडले तेव्हा बागवान हात धुवायला निघाल्या होत्या.

"एक ऐकून ठेवा," त्या अच्युतरावांना म्हणाल्या. "हृदयाची मला काळजी नाही. थंडीत ते खुशाल पडून राहतं. प्रश्न मेंदूचा. सहा तासांनंतर रक्त यंत्रात फुटायला लागतं, बारीक गुठळ्या होतात, त्या मेंदूत जाऊन बसतात. सहा म्हणजे सहा. खोऱ्यात काय चाललंय ते मला कळणार नाही आणि मला कळून घ्यायचंही नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. तुम्ही 'सुरू' म्हणालात की मी सुरू करीन."

"मी?"

"शब्द तुम्ही दिलाय म्हणे."

अच्युतराव शेजारच्या खोलीत बसले. मांडीवर नाडीपट होता, भिंतीचीच तळहाताएवढी प्रतिकृती. आण्णांचा ठिपका बासष्टने धडधडत होता. मग मंदावला, थरथरला आणि विझला. पाव तासाने नाडीपटावर अक्षरे उमटली: मगदूम, सर्व बंधकळी निद्रिस्त. इतकी वर्षे राबून तयार केलेली यंत्रणा पहिल्यांदाच पूर्ण ताकदीने चालताना ते पाहत होते. ती बिनचूक होती. त्यांना, लाज वाटावी असा, आनंद झाला.

खोऱ्यातून बातम्या येऊ लागल्या. पोलिसांच्या गाड्या घाट चढल्या. वळणावरून फौजदाराचा देह उचलला. वरवाडीचे लोक मुकाट बंदुका आणून टाकू लागले होते. भाऊ शेळक्याने तर आपली बंदूक स्वतः गाडीत ठेवली आणि हात जोडले म्हणे. मुक्या बंदुकीच्या धन्याला शहाणपण लवकर येते.

मधल्या वेळात अच्युतराव वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. शरयूचे ओठ जांभळे पडले होते. तिने डोळे उघडले.

"आज ऑफिस नाही का?"

"खालीच आहे काम."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "पंचवीस वर्षांत एकदा जमलं नाही." आणि तिने डोळे मिटून घेतले. पंप कुरकुरत होता.

सहा तास भरत आले तेव्हा नलवडेंचा फोन आला. आवाज तुटत होता. "वरवाडी झाली... तळवाडीवाले बेरकी आहेत, लपवल्यात... कडब्यात, विहिरीत... आत्ता सुरू केलंत तर वरवाडी रिकाम्या हातांनी बसलीय आणि तळवाडीकडं बंदुका... मेंढरं कापावीत तशी कापतील, डॉक्टर! अजून वेळ द्या. मी फोन करते." आणि लहर तुटली.

दारात डॉ. बागवान उभ्या होत्या. मास्क हनुवटीवर. "करू ना सुरू?"

नलवडेंनी सांगितलेले कारण खरे होते. त्यात तिळमात्र खोट नव्हती. वरवाडीत बायकामुले होती आणि त्यांच्या बंदुका काढून घेतलेल्या होत्या. खरे कारण हाताशी असले की दुसरे कारण त्याच्या सावलीत सुखाने बसते.

"थोडं थांबा," अच्युतराव म्हणाले.

"थोडं म्हणजे?"

"मॅडमचा फोन येईपर्यंत."

"मी तुम्हाला सकाळी काय सांगितलं होतं?"

"तिकडं माणसं मरतील."

"आणि इकडं?" बागवानांनी विचारले. अच्युतराव नाडीपटाकडे पाहू लागले, तेव्हा त्या परत आत गेल्या.

फोन आला नाही. तांबोळे खोऱ्यात डोंगरांच्या आड लहरी अडकतात, हे सकाळी त्यांनीच समजावून सांगितले होते. आपण न येणाऱ्या फोनची वाट पाहत आहोत, हे ठाऊक असून ते तो हातात धरून बसले. खिडकीबाहेर ऊन तिरपे झाले. मग पिवळे झाले. रुग्णालयाच्या फाटकाशी, पत्ता काढून आण्णांच्या सुनेने पाठवलेला डबा घेऊन एक माणूस उभा होता. दिवस मावळायला आला तरी आण्णा खाली आले नाहीत म्हणून तो पुन्हा पुन्हा वर पाहत होता.

दिवस मावळला. मग बागवान बाहेर आल्या. या वेळी त्यांनी मास्क काढूनच टाकला होता.

"गेले," त्या म्हणाल्या. "मेंदूत काही उरलेलं नाही. मी दोनदा तपासलं. हृदय मात्र नवंकोरं आहे. अगदी आत्ता सुरू होईल." त्या समोरच्या बाकावर बसल्या. "त्यांनी दान लिहून दिलंय. रक्तगट बी निगेटिव्ह. यादीत पहिलं नाव कुणाचं आहे, हे तुम्हाला सांगायला नको."

"नको."

"तुम्हाला माहीत होतं?"

अच्युतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बागवान उठल्या. "माझं काम तुमच्या पत्नीशी आहे, तुमच्याशी नाही. एक विचारते. हृदयाच्या भिंतीत तुमची ती टिकली आहे, ती काढता येईल?"

"काढली तर भिंत फाटते. कुणी काढू नये म्हणून तशीच रुजवलीय."

"राहिली तर पेशंटला त्रास?"

"नाही," अच्युतराव म्हणाले. "पेशंटला नाही."

बागवान गेल्या आणि फोन वाजला. आता लहर अगदी स्वच्छ होती.

"कळलं मला," नलवडे म्हणाल्या. "वाईट झालं. पण चुकलो नाही आपण. तळवाडीही आटोपत आली जवळजवळ."

"जवळजवळ?"

"चाळीसेक बंदुका सापडत नाहीत. पण आता घाई काय? आण्णाच नाहीत म्हटल्यावर ते नुसते लोखंडी पाइप. भाकरी फुगवायला फुंकणी म्हणून वापरा म्हणावं! जमलेल्या बंदुका आणि पोलीस, दोन्ही आज खाली पाठवतेय. उद्या सकाळी वरवाडीच्या शाळेत दोन्ही गावांची शांतता बैठक. बायका, पोरं, सगळ्यांना यायला सांगितलंय. लाठीवाले चार शिपाई पुरेत."

"मॅडम..."

"बोला."

दारासमोरून एक निळी पेटी नेताना दिसली. पेटीवरच्या काचेवर दव साचले होते. दोन वॉर्डबॉय ती तिसऱ्या मजल्याच्या लिफ्टकडे अशी जपून नेत होते की जणू आत झोपलेले मूल आहे.

"बोला ना, डॉक्टर."

"काही नाही," अच्युतराव म्हणाले. "तुम्हीही जपून राहा."

पहाटे शस्त्रक्रिया संपली. काचेपलीकडे शरयू झोपली होती. अच्युतराव काचेला कपाळ टेकवून उभे होते. तिचे ओठ गुलाबी होते. असे ओठ त्यांनी दोन वर्षांत पाहिले नव्हते. रंग परत येतो, इतक्या लवकर येतो, याचे त्यांना लहान मुलासारखे नवल वाटले. खिशातला नाडीपट त्यांनी उघडला नाही. उघडायची गरजही नव्हती. काचेच्या आतल्या पडद्यावर ठोके दिसतच होते. चौऱ्याण्णव. नव्या घरात आलेले हृदय काही दिवस जरा घाईत असते. ठोक्यांचा वेग बदलतो. घडण बदलत नाही.

तळवाडीतल्या एका गोठ्यात, कडब्याच्या गंजीत, एक इवला दिवा हिरवा झाला असेल. कुणीतरी धार काढायला आलेला माणूस चरवी खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला असेल. मग त्याने शेजाऱ्याला हाक मारली असेल. इथवर आले की अच्युतराव विचार थांबवीत आणि पुन्हा शरयूच्या ओठांकडे पाहू लागत.

शरयूने एकदा डोळे उघडले. काचेतून त्यांना ओळखले. तिला बोलता येत नव्हते. तिने उजव्या हाताची दोन बोटे उचलून छातीवर टेकवली आणि भुवया उंचावल्या: कुणाचं?

त्यांनी मान हलवली, माहीत नाही म्हणून. तिने विश्वास ठेवला.

नलवडे दुपारी आल्या. कालचीच साडी होती. उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत काळपट पडून कडक झाली होती. ते रक्त त्यांचे नव्हते. त्या अच्युतरावांच्या शेजारी, तशाच काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बैठक सुरू व्हायच्या आत तळवाडीवाले बंदुका घेऊन आले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "शाळेला दरवाजा एकच. भाऊ शेळके पहिल्या रांगेत होता. मोकळे हात दाखवत उभा राहिला. मला वाटलं, बाई, हे पाइप घेऊन काय करणार हे लोक? मी त्यांना हसलेसुद्धा. पाचवीच्या वर्गातलं कुणी बाहेर आलं नाही, डॉक्टर. आता ते वरवाडी घराघरानं संपवत खाली येतायत आणि माझ्याकडं घाट चढायला पुन्हा काही नाही."

अच्युतराव काचेकडेच पाहत राहिले.

"आधी वाटलं, तुमचं यंत्र बिघडलं. बंधशाळेत गेले. तुमची मुलं म्हणाली, यंत्र बिघडत नाही, आण्णांचा ठिपका हिरवा आहे, आण्णा जिवंत आहेत. आता मी आण्णांच्या घरून येतेय. अंगणात पांढऱ्या कापडात ठेवलंय त्यांना. सून डोकं आपटून घेतेय." त्या काचेच्या जरा जवळ सरकल्या. "तेव्हा लक्षात आलं. परवाना आण्णांच्या नावावर कधी नव्हताच. तो हृदयाच्या नावावर होता. काल सकाळी तुम्हीच सांगितलंत मला, कागदावरून काढला आणि हृदयात ठेवला. मी नीट ऐकलं नाही. परीक्षेत आलं होतं म्हणून."

काचेपलीकडे पडद्यावर हिरवी रेघ उसळत होती, चौऱ्याण्णव, पंचाण्णव, चौऱ्याण्णव.

"टिकली काढता येत नाही?"

"भिंत फाटते."

"कळ?"

"नाही. कुणाच्याच हाती नाही."

नलवडेंनी मान डोलावली, अपेक्षित उत्तर मिळाल्यासारखी. मग कॉरिडॉरच्या टोकाला पाहिले. तिथे डॉ. बागवान उभ्या होत्या. त्यांच्यामागे दोन वॉर्डबॉय कालचेच रक्तयंत्र ढकलत आणत होते. त्याच्या एका चाकाचा चिरचिर आवाज येत होता.

"मला सहाच तास हवेत," नलवडे म्हणाल्या. "या वेळी सगळ्या शोधीन. शब्द देते."

शरयूने तो आवाज ऐकला असावा. तिने डोळे उघडून काचेकडे पाहिले. अनोळखी बाई दिसताच पाहुण्यांकडे पाहून हसावे तशी ती बारीक हसली.

"वय काय यांचं?" नलवडेंनी विचारले.

विचारले की उत्तर द्यायचे, ही अच्युतरावांची जन्माची सवय होती.

"बावन्न," ते म्हणाले.

"आण्णांपेक्षा लहान आहेत," नलवडे म्हणाल्या. "सोसेल."